‘कंपनी’: एका भाकरीच्या शब्दाचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शब्दांच्या इतिहासावरच्या या व्याख्यानात आज मी एकच शब्द घेणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो आता आपल्याला परका वाटत नाही. शब्द आहे ‘कंपनी’.

आपण तो किती तऱ्हांनी वापरतो ते आधी पाहू. ‘एकटाच आहेस, येऊ का कंपनी द्यायला?’ इथे कंपनी म्हणजे सोबत. ‘मुलगा चाकणला कंपनीत लागला’, इथे कंपनी म्हणजे कारखाना. ‘हा कंपनीचा माल आहे, लोकल नाही’ असं दुकानदार म्हणतो, तेव्हा कंपनी म्हणजे छाप, खात्री. फौजेतला जवान कंपनी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शंभर-सव्वाशे माणसांची तुकडी असते. जुन्या रंगभूमीवर प्रेम करणारा माणूस कंपनी म्हणतो तेव्हा त्याला नाटक कंपनी आठवते. इतिहासाच्या पुस्तकात नुसतं ‘कंपनी’ असं लिहिलं, तरी ती ईस्ट इंडिया कंपनी हे सांगावं लागत नाही. आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगात तर टोळीलाही कंपनीच म्हणतात.

सोबत, कारखाना, छाप, फौज, नाटक, सरकार, टोळी. एवढे सगळे अर्थ एका शब्दात आले कसे? शब्दकोश ते एकाखाली एक मांडून मोकळा होतो. पण ते एकामागून एक कसे आले हे पाहिलं, तर त्यातून एक प्रश्न सतत डोकं वर काढताना दिसतो. एकत्र येऊन मिळवलेलं कोणी खायचं, आणि बुडालं तर कोणी भरायचं? आजचं व्याख्यान खरं तर या प्रश्नाविषयी आहे.

सुरुवात लॅटिनपासून करू. ‘कुम’ म्हणजे सह, बरोबर. जोडशब्दात त्याचं ‘कॉम’ होतं. ‘पानिस’ म्हणजे भाकरी, पाव. आपला ‘पाव’ पोर्तुगीज ‘पांव’वरून आला, आणि तो पोर्तुगीज शब्द याच ‘पानिस’चा वंशज. म्हणजे पाव आणि कंपनी ही एका घरातली भावंडं आहेत. ‘कॉम’ आणि ‘पानिस’ मिळून ‘कॉम्पानिओ’ झाला, बरोबर भाकरी खाणारा. जर्मानिक भाषा बोलणाऱ्या टोळ्यांमध्ये असाच शब्द आधीपासून होता. गॉथिक भाषेत सोबत्याला ‘गहलैबा’ म्हणत. ‘ग’ म्हणजे सह, ‘हलैब’ म्हणजे भाकरी. त्याचाच हा लॅटिन अनुवाद असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात. पुढे फ्रेंचमधून तो तेराव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत गेला.

जाता जाता एक गंमत सांगते. इंग्रजीतला ‘लॉर्ड’ हा शब्दही भाकरीचाच. जुन्या इंग्रजीत तो ‘हलाफवेआर्ड’ होता, म्हणजे भाकरी राखणारा. म्हणजे भाकरीभोवती दोन नाती तयार झाली. एक वरून वाटणाऱ्याचं, तो लॉर्ड. दुसरं मांडीला मांडी लावून खाणाऱ्यांचं, ती कंपनी. आपल्याकडेही ‘अन्नदाता’ वेगळा आणि ‘पंगतीतला’ वेगळा. पंगतीचा आणखी एक गुण विसरू नका. पंगत बसली की कोण आत आणि कोण बाहेर हेही ठरतं. रोटीव्यवहार कोणाशी होतो आणि कोणाशी होत नाही, यावर आपल्या समाजाने काय काय केलं ते वेगळं सांगायला नको. कंपनी या शब्दातही ही आत-बाहेरची रेघ पहिल्यापासून आहे.

मध्ययुगात हा शब्द दोन वाटांनी पुढे गेला. एक वाट शिपायांची. बरोबर खाणारे, बरोबर लढणारे, म्हणून तुकडी ती कंपनी. चौदाव्या शतकात इटलीत भाडोत्री सैनिकांच्या अशा कंपन्या फिरत असत. जो शहराची वर्गणी भरेल त्याच्या बाजूने लढायचं, न भरणाऱ्याला लुटायचं. जॉन हॉकवूड नावाच्या इंग्रज सरदाराची ‘व्हाइट कंपनी’ त्यात विशेष गाजली. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये आजही भिंतीवर त्याचं घोड्यावरचं चित्र आहे, पाओलो उचेल्लोने १४३६ मध्ये काढलेलं. तेव्हा टोळीला कंपनी म्हणणं हे काही मुंबईचं संशोधन नाही.

दुसरी वाट व्यापाऱ्यांची. त्याच फ्लॉरेन्समध्ये बार्दी, पेरुझ्झी अशा घराण्यांच्या ‘कोम्पान्यिया’ होत्या. भाऊ, चुलते, विश्वासातली चार माणसं पैसे एकत्र घालत, ठरावीक वर्षं धंदा करत, मग हिशेब करून नवा करार करत. या कंपन्यांच्या शाखा दूरदूरच्या शहरांत होत्या. १३४० च्या दशकात त्या एकामागून एक बुडाल्या. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला दिलेली मोठी कर्जं हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की कंपनी बुडाली म्हणजे भागीदार बुडाले. त्यांची घरं, जमिनी, सगळं देणेकऱ्यांच्या हिशेबात आलं. पंगतीला बसलात, तर भांडी घासायलाही तुम्हीच. जुन्या कंपनीचा हा साधा नियम होता.

आता लंडनला येऊ. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडे व्यापार करण्याची सनद दिली. सनदेतलं नाव लांबलचक आहे: पूर्वेच्या देशांशी व्यापार करणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांचा गव्हर्नर आणि त्यांची कंपनी. इथे ‘कंपनी’ म्हणजे अजूनही ‘मंडळी’च आहे. गव्हर्नर आणि त्याची मंडळी. सुरुवातीच्या सफरींचे हिशेब वेगवेगळे असत. जहाजं परत आली, मिरी विकली, नफा वाटला, संपलं. पण पूर्वेचा व्यापार असा सुटा सुटा चालणं कठीण होतं. १६०२ मध्ये डच लोकांनी आपली कंपनी काढली आणि तिचं भांडवल कायमचं एकत्र ठेवलं. इंग्रजांनी ते १६५७ पासून केलं. आता माणसं बदलली, मेली, हिस्सा विकून गेली, तरी कंपनी तशीच राहणार होती. मंडळींपासून कंपनी वेगळी झाली ती इथे. एका जागी बसून भाकरी मोडणारी माणसं गेली आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेले भागधारक आले.

१६६८ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने मुंबई बेट या कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. पुढे १७६५ मध्ये बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार आणि ओडिशाची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, कंपनीला दिला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या फौजेत दोन लाखांहून अधिक शिपाई होते. म्हणजे पाहा, कंपनीच्या नोकरीत असलेला मराठी शिपाई पलटणीतल्या एका कंपनीत असायचा. एकच शब्द, एकदा त्याच्या मालकाचं नाव आणि एकदा त्याच्या तुकडीचं. जुन्या मराठी कागदांत या शब्दाचं रूप ‘कुंपणी’ असंही येतं, ‘कुंपणी सरकार’. ‘कुंपण’ या आपल्या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही, नुसता आवाज जुळतो. पण कुंपणच शेत खाऊ लागलं ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही.

कारण पाहा. १७७० मध्ये बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. तरीही महसुलाची वसुली इतक्या जोरात झाली की १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ च्या वसुलीपेक्षा जास्त भरली. हे स्वतः वॉरन हेस्टिंग्जने वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. त्याच काळात लंडनमध्ये भागधारकांचा लाभांश साडेबारा टक्क्यांवर गेला. आणि दुसऱ्याच वर्षी कंपनीची तिजोरी रिकामी झाली, म्हणून १७७३ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला सुमारे चौदा लाख पौंडांचं कर्ज देऊन वाचवलं. कंपनी बुडायला लागली की सरकारने धावायचं, ही रीत आजची नाही.

आणखी एक आकडा सांगते, तो मला जास्त बोलका वाटतो. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापारच बंद केला. चीनचा चहा नाही, कापड नाही, काही नाही. फक्त राज्य करायचं. मग भागधारकांना नफा कशातून मिळणार? कायद्यातच तरतूद झाली. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार पौंड, हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचे. चाळीस वर्षांनी शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड देऊन भाग मोकळे करायचे. १८५७ चा उठाव झाला, १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेलं, पण लाभांश चालूच राहिला. कंपनीचं कर्जही हिंदुस्थानच्या महसुलावरच टाकलं गेलं. १८७४ मध्ये कंपनी विसर्जित झाली. म्हणजे साताऱ्याचा, खानदेशचा शेतकरी सारा भरत होता, आणि त्यातला वाटा लंडनमधल्या अशा माणसांकडे जात होता ज्यांची कंपनी व्यापारही करत नव्हती आणि शेवटी राज्यही करत नव्हती. पंगतीला एक बसला आणि शिधा दुसऱ्याने पुरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एम. ए. साठी याच कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार हा विषय घेतला होता. तो विषय का घ्यावासा वाटला असेल, हे या आकड्यांवरून समजतं.

आता ‘कंपनी’च्या शेपटाला लागणारा शब्द, ‘लिमिटेड’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साध्या कंपनीत पैसे घालणाऱ्याची जोखीम बेमुदत होती. तुम्ही शंभर पौंडांचा भाग घेतला आणि कंपनी बुडाली, तर देणेकरी तुमच्या घरापर्यंत येऊ शकत. इंग्लंडने १८५५ मध्ये कायदा केला की भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागापुरतीच. आपल्याकडे तसा कायदा १८५७ मध्ये आला. अट एक होती. नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ लिहायचं. का? तर उधार देणाऱ्याला आधीच कळावं की बाबा, इथे वसुलीला मर्यादा आहे, जपून दे. म्हणजे ‘लिमिटेड’ ही मुळात सावधगिरीची पाटी होती. आपल्याकडे ती प्रतिष्ठेची पाटी झाली. ‘साधी नाही, लिमिटेड कंपनी आहे’ असं आपण कौतुकाने सांगतो.

या कायद्याला नुसती नावं ठेवून चालणार नाही. तो का हवा होता हे १८७८ मध्ये ग्लासगोत दिसलं. सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. ती मर्यादित नव्हती. तिचे अठराशेच्या आसपास भागधारक होते, त्यांत विधवा होत्या, छोटे दुकानदार होते. संचालकांनी लबाडी केली, ते तुरुंगातही गेले, पण भरपाई भागधारकांकडून झाली आणि त्यांतले बहुतेक जण धुळीला मिळाले. ज्यांच्या हातात कारभार नाही त्यांच्याकडून सगळं वसूल करणं हाही अन्यायच होता. जबाबदारीला मर्यादा घातली म्हणून सामान्य माणसाला चार पैसे गुंतवता आले, आणि त्या पैशांवर रेल्वे, गिरण्या, बंदरं उभी राहिली. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण दुसरी बाजू मुंबईने त्याआधीच पाहिली होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून १८६१ ते १८६५ मध्ये मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा आला तशा कंपन्या निघाल्या. बँका, जहाज कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे भाग मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखा मातब्बर माणूसही त्यात सापडला. बँक ऑफ बॉम्बेही पुढे मोडीत निघाली. कंपनी या शब्दाचा मुंबईकरांनी तेव्हा चांगलाच धसका घेतला असणार.

याच काळात मराठी माणसाने मात्र या शब्दाचा अगदी जुना अर्थ पुन्हा जिवंत केला, आणि तो रंगभूमीवर. नावात ‘मंडळी’ आणि बोलण्यात ‘कंपनी’. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी, यांना लोक कंपनीच म्हणत. कंपनीचं बिऱ्हाड गावोगाव हिंडायचं, आचारी बरोबर असायचा, सगळ्यांची पंगत एकत्र. गंधर्व मंडळीच्या जेवणावळींच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. ही मंडळी १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या पुढाकाराने निघाली. पुढे भागीदार बाहेर पडले, कर्ज उरलं, ते बालगंधर्वांनी अंगावर घेतलं आणि नाटकं करूनच फेडलं. कायद्याची पळवाट शोधली नाही. बरोबर खाल्लं, आणि बाकीचे उठून गेल्यावर पत्रावळीही स्वतः उचलल्या. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचं होतं का, यावर वाद घालता येईल. पण कंपनी या शब्दाचा मूळ अर्थ त्यांनी पाळला, एवढं नक्की.

आता ‘मंडळी’ या आपल्या शब्दाकडे जरा पाहा. समोर बसलेले श्रोते मंडळी, पाहुणे मंडळी, नाटक मंडळी, आणि जुन्या वळणाने बायकोलाही ‘आमची मंडळी’. मुंबईत ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ नावाचे पुस्तक प्रकाशक होते. ‘अँड कंपनी’ला याहून सुरेख मराठी सापडणार नाही. आणि याच मंडळीला ‘महा’ लावून ‘महामंडळ’ केलं, की त्यातली माणसं कुठे जातात कोण जाणे, उरतात त्या फायली!

तर माणसांविना कंपनी. याचा कायदेशीर शेवट १८९६ मध्ये झाला. लंडनमध्ये आरॉन सॉलोमन नावाचा बूट तयार करणारा व्यापारी होता. त्याने आपल्या धंद्याची लिमिटेड कंपनी केली. कायद्याला सात भागधारक लागत. म्हणून बायको आणि पाच मुलं यांना एकेक भाग, आणि स्वतःकडे वीस हजार एक. शिवाय कंपनीने आपल्यालाच दहा हजार पौंड देणं आहे असं तारण करून ठेवलं. कंपनी बुडाली. इतर धनको म्हणाले, अहो, कंपनी म्हणजे हाच माणूस. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, नाही, कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. सॉलोमन वेगळा, सॉलोमन आणि कंपनी लिमिटेड वेगळी. बिनतारणी धनकोंना काही मिळालं नाही. जगभरचा कंपनी कायदा आजही या निकालावर उभा आहे.

या निकालाचं पुढचं टोक आपण भोपाळला पाहिलं. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री विषारी वायू सुटला, हजारो माणसं मेली. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा. त्या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे. पण मूळ कंपनीचं म्हणणं असं, की ती कंपनी वेगळी, आम्ही वेगळे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. फौजदारी खटल्यात भारतातल्या अधिकाऱ्यांवर दोष सिद्ध व्हायला २०१० उजाडलं. श्वास कोंडलेल्या माणसाला ‘कंपनी वेगळी’ हे वाक्य कसं समजावून सांगायचं? कारखाना एकच होता, पण जबाबदारी वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा कंपन्या दोन झाल्या.

मी कंपन्या वाईट असं म्हणत नाहीये. आपल्या घरातल्या किती जणांच्या चुली कंपनीवर चालतात. ‘कंपनी बंद पडली’ हे तीन शब्द एखाद्या घरात काय करतात, हे पिंपरीत किंवा अंबडमध्ये कोणालाही विचारा. आणि गंमत पाहा, तिथेही बोलणं शेवटी भाकरीवरच येतं. रोजीरोटी गेली, असंच आपण म्हणतो.

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने आणखी एक प्रकार आणला, एका व्यक्तीची कंपनी. ‘बरोबर भाकरी खाणारे’ असा अर्थ असलेला शब्द आता एकट्या जेवणाऱ्यालाही चालतो! पण त्याच कायद्यात एक अट आहे. त्या एकट्याने दुसऱ्या एका माणसाचं नाव द्यावंच लागतं, आपल्यामागे कंपनी कोण सांभाळणार त्याचं, आणि तेही त्या माणसाच्या लेखी संमतीने. कायदा कितीही पुढे गेला, तरी शेवटी कोणीतरी दुसरं माणूस लागतंच.

तेव्हा यापुढे कुठे पाटीवर ‘कंपनी लिमिटेड’ दिसली, तर दोन प्रश्न मनात विचारा. इथे पंगतीला कोण कोण बसलंय? आणि जेवणं झाल्यावर पत्रावळी कोण उचलणार? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर ती जुन्या अर्थाची कंपनी. नसेल, तर मधल्या सहाशे वर्षांत काय झालं ते आत्ता आपण पाहिलंच.

इथे थांबते. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.